सिग पी३६५ एक्सएल, दोन वर्षं कमरेला: लहान हाताच्या बाईसाठी कॅरी गन

मी ह्युस्टनच्या पश्चिमेला केटीत राहते, आमची स्वतःची छोटी फार्मसी आहे आणि आठवड्यातले चार दिवस रात्री नऊला शटर मीच बंद करते. दुकानात कॅश असते, कपाटात असली औषधं असतात की ज्यांच्यासाठी लोक बंदूक घेऊन येतात. तीन वर्षांपूर्वी आमच्याच स्ट्रिप मॉलमधल्या एका दुकानात तसं झालं आणि त्यानंतर मी नि नवऱ्याने बरेच दिवस बोलून ठरवलं की आपण दोघांनी ट्रेनिंग घ्यायचं आणि कॅरी करायचं, म्हणजे गन कपड्यांत लपवून अंगावर बाळगायची. करावं की करू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यावर मी इथे बोलत नाही. ज्या बायकांनी ठरवलंय आणि आता दुकानात काचेच्या कपाटासमोर उभं राहून काय घ्यायचं ते कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मला तेव्हा मराठीत सांगणारं कोणी नव्हतं आणि इंग्लिशमध्ये सांगणारे सगळे सहा फुटी पुरुष होते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. एच-वन, एच-फोर, एफ-वन असल्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने गन विकत घेणंच काय, जवळ ठेवणंही साधारणपणे गुन्हा आहे. शिकारीच्या लायसनसारखे थोडे अपवाद आहेत पण ते इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका, एका चुकीत सगळं स्टेटस जाऊ शकतं. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तरच पुढचं तुमच्या कामाचं.

आता माझी पहिली गन. ती चुकली. एका दुकानात गेले, कोणत्या ते सांगत नाही, काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं आणि न विचारता एक एवढीशी .३८० ची (हा गोळीचा आकार) पॉकेट पिस्तूल काढून हातात दिली, बायकांना हीच बरी, पर्समध्ये मावते म्हणाला. वजन तीनशे ग्रॅमच्या आत. हातात घेतली तर खरंच छान वाटली, मोबाइलपेक्षा थोडीच जाड, आणि मी लगेच घेतली, न चालवता. ही माझी चूक, त्याची नाही म्हणणार पण त्याने एकदा तरी विचारायला हवं होतं की बाई आधी चालवून बघितलीत का.

रेंजवर गेले आणि पहिल्याच मॅगझिनला (गोळ्या भरायची डबी) अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जागेत असा झटका बसला की डोळ्यात पाणी आलं. स्लाइड, म्हणजे गोळी आत घ्यायला मागे ओढायचा पिस्तुलाचा वरचा भाग, तो ओढता येईना, दोन्ही हातांनी जोर लावून अर्धी यायची आणि सुटायची. नेम धरायची साइट म्हणजे स्लाइडवरचे नुसते दोन उंचवटे, सात यार्डांवर कागदी टार्गेटला गोळी कुठे लागतेय तेच कळेना. तीस गोळ्या झाल्यावर हात थरथरायला लागला. दोनदा गेले, तिसऱ्यांदा जायची इच्छाच झाली नाही, आणि तिथेच मला कळलं की काहीतरी चुकतंय, कारण जी चालवायला मला नको वाटते ती मी रात्री नऊला पार्किंगमध्ये कशाच्या भरवशावर बाळगणार.

नंतर इन्स्ट्रक्टर बाईंनी समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गोळी जेवढ्या जोराने पुढे जाते तेवढाच धक्का मागे येतो, तो धक्का जड गन अर्धाअधिक स्वतः खाते, हलकी गन सगळा तुमच्या हाताला देते. आणि स्लाइड लहान नि हलकी असली की ती आवरायला आतली स्प्रिंग कडक घालावी लागते, म्हणून सगळ्यात लहान पिस्तुलांची स्लाइड ओढायला बऱ्याचदा सगळ्यात अवघड. म्हणजे ज्या गन "बायकांसाठी" म्हणून दाखवतात त्या खरं तर अनुभवी माणसाच्या गन आहेत, ज्याला मोठी गन चालवता येते आणि कधीतरी खिशात टाकायला छोटी हवीय. नवशिक्या बाईच्या हातात ती देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट नदीच्या धारेत सोडण्यासारखं.

ती मी तोट्यात विकली आणि या वेळी उलट्या बाजूने गेले. रेंजवर गन भाड्याने मिळतात, थोडे पैसे भरले की कपाटातल्या वेगवेगळ्या आणून देतात, गोळ्या तिथल्याच घ्याव्या लागतात. लागोपाठ तीन रविवार मी तेच केलं. प्रत्येक गनच्या कमीत कमी पन्नास गोळ्या, त्यातही शेवटच्या दहा बघायच्या, कारण पहिल्या दहा सगळ्याच छान वाटतात आणि हात दमल्यावर खरी गन कळते.

ग्लॉक १९ पासून सुरुवात केली. १९८८ पासूनची गन आहे, पंधरा गोळ्या, चार इंची बॅरल (नळी), अर्ध्या जगातले पोलीस वापरतात आणि का ते चालवल्यावर कळतं, धक्का एकदम मवाळ, गोळ्या जिथे बघतेय तिथे. घरात ठेवायला एकच घ्यायची असेल तर डोळे मिटून हीच घ्या, नवऱ्याने तीच घेतली. पण मी पाच फूट एक इंच, माझी कंबर ते बरगडी हे अंतरच कमी, त्यात पाच इंच उंचीची नि सव्वा इंचापेक्षा जास्त जाडीची गन लपवायची म्हणजे दिवसभर लाँग कार्डिगन घालून फिरायचं, ह्युस्टनच्या ऑगस्टमध्ये.

मग पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर. आमच्या ओळखीच्या एका काकांनी खूप सांगितलं होतं की बाईमाणसाला रिव्हॉल्वर, अडकायची भानगड नाही, स्लाइड ओढायची नाही. बरोबर आहे, स्लाइड नाही, पण हॅमर (ठोका देऊन गोळी उडवणारा भाग) आत झाकलेल्या छोट्या रिव्हॉल्वरचा ट्रिगर लांब आणि जड असतो, पिस्तुलाच्या जवळपास दुप्पट, आणि चारशे ग्रॅमच्या आसपासच्या वजनात .३८ स्पेशल चालवली की पुन्हा तोच झटका. बोटात ताकद असेल तर जरूर बघा, माझ्या बोटात नव्हती.

स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी .३८० ही मला खूप आवडली आणि ज्यांची मनगटं दुखतात, संधिवात आहे, वय झालंय त्यांना मी पहिली हीच सांगते. २०१८ ला आली, नावातच ईझी आहे आणि स्लाइड खरंच एका दमात मागे येते. गोळी तीच .३८०, जी माझ्या पहिल्या गनमध्ये मला रडवत होती, पण इथे गन मोठी आणि जड म्हणून धक्का जाणवतसुद्धा नाही, तेव्हा दोष .३८० चा नव्हता, त्या एवढ्याशा साइजचा होता. मागच्या बाजूला ग्रिप सेफ्टी आहे, मूठ नीट आवळली तरच उडते. आठ गोळ्या. मी ही घेतली नाही ती फक्त लांबीमुळे आणि मला ९ एमएम, म्हणजे .३८० पेक्षा जोरदार गोळी, जमतेय असं लक्षात आल्यामुळे.

शेवटी ९ एमएमच्या दोन उरल्या, स्मिथचीच शील्ड प्लस आणि सिगची पी३६५. शील्ड प्लस २०२१ ची, तिचा ट्रिगर फार सुरेख आहे, छोट्या मॅगझिनमध्ये दहा आणि लांबमध्ये तेरा गोळ्या, वजन पावणेसहाशे ग्रॅमच्या जवळ. खरं सांगायचं तर हिच्यात आणि सिगमध्ये मी नाणं टाकलं असतं तरी चाललं असतं.

पी३६५ ची गोष्ट थोडी सांगते कारण या एका गनने हा सगळा बाजार बदलला. २०१८ च्या आधी इतक्या बारीक गनमध्ये सहा-सात-आठ गोळ्या एवढंच मिळायचं, जास्त हव्या तर जाड गन घ्या. सिगने मॅगझिनमध्ये गोळ्या अशा काही दीड ओळीत बसवल्या की साधारण एक इंच जाडीत दहा मावल्या, आणि मग बाकीच्यांना मागे यावंच लागलं, स्प्रिंगफील्डची हेलकॅट २०१९ ला अकरा गोळ्या घेऊन आली, मग शील्डची प्लस झाली. साधी पी३६५ पाचशे ग्रॅम, उंची चार पूर्णांक तीन इंच. मला तिच्यात करंगळी नीट टेकायला जागा मिळाली नाही, म्हणजे बसते पण काठावर. एक्सएल २०१९ ची, बॅरल ३.७ इंच, हँडल अर्धा इंच जास्त, बारा गोळ्या, वजन रिकामी ५८७ ग्रॅम. तो अर्धा इंच! तीन बोटं पूर्ण बसली, ट्रिगर सपाट आहे त्यामुळे माझं छोटं बोट बरोबर मधोमध पडतं, आणि शेवटच्या दहा गोळ्या पहिल्या दहासारख्याच लागल्या. त्याच दिवशी ठरलं. टॅक्स धरून साडेसहाशे डॉलरच्या आसपास गेले.

अजून एक गोष्ट मला या गनमध्ये फार आवडते. हिचा नंबर असलेला भाग, ज्याला कायद्याने गन म्हणतात, तो आतला छोटा स्टीलचा सांगाडा आहे, ट्रिगरवाला. बाहेरचं प्लॅस्टिकचं हँडल वेगळं मिळतं, साध्या सामानासारखं, हवं तर लहान लावा हवं तर मोठं. म्हणजे हाताला नाही बसलं तर सगळी गन विकायची गरज नाही. आणि साफ करायला उघडताना ट्रिगर दाबावा लागत नाही, हे नवीन माणसासाठी मोठं आहे, कारण उघडताना ट्रिगर दाबायचा आणि आत गोळी राहून गेलेली, असे अपघात होतात. अंगठ्याने लावायची सेफ्टी असलेली पण येते आणि नसलेली पण येते. मी असलेली घेतली, इन्स्ट्रक्टर म्हणाल्या की घेतलीस तर दर वेळी काढताना अंगठा खाली गेलाच पाहिजे इतकी सवय कर नाहीतर घेऊ नकोस. केली.

स्लाइडबद्दल पण लिहिते, कारण ऐंशी टक्के बायका इथेच हार मानतात असं मला रेंजवर बघून वाटतं. आपण स्लाइड ओढायला जातो, हात लांब करून, नुसत्या बोटांनी. तसं नाही करायचं. गन छातीजवळ आणा, नळी समोर टार्गेटकडेच, बोट ट्रिगरच्या बाहेर, डाव्या हाताच्या पूर्ण तळव्याने स्लाइड घट्ट धरून ठेवा आणि उजव्या हाताने हँडल पुढे ढकला, जसं जड दार ढकलतो तसं. आपली ताकद ढकलण्यात आहे. माझ्या पंचावन्न वर्षांच्या मैत्रिणीला पाच मिनिटांत जमलं.

आता लपवण्याचं. सगळे बॅरलची लांबी बघतात, बॅरल तर पँटच्या आत जाते, ती कोणाला दिसणार. दिसतं ते हँडल, कपड्यातून बाहेर टोचतं ते हँडलचं खालचं टोक. म्हणून लांब बॅरल छोटं हँडल चालेल, उलटं नाही. माझ्यासाठी एक्सएलचं हँडल ही अगदी शेवटची हद्द आहे, याहून मोठं असतं तर वाकल्यावर दिसलंच असतं.

आपल्या कपड्यांचा विचार कोणीच करत नाही म्हणून जरा सविस्तर. जीन्सवर कुर्ती हा सगळ्यात उत्तम प्रकार, सैल पडते, गुडघ्यापर्यंत झाकते, छापील डिझाइन असेल तर काहीच कळत नाही, प्लेन फिकट रंग टाळा. पण लांब कुर्तीला एक अडचण आहे की काढताना एवढं कापड वर ओढायला वेळ लागतो, म्हणून मी बाजूला उंच कट असलेल्या कुर्त्या घेते आणि डाव्या हाताने कापड मुठीत धरून छातीपर्यंत वर, मग उजवा हात खाली, असं घरी रिकाम्या गनवर रोज दहा वेळा करते. सलवारच्या नाडीवर किंवा लेगिंगवर होल्स्टर (गन अडकवायचं कवच) लावायचा विचार सुद्धा करू नका, वजन भरल्यावर पाऊण किलोच्या जवळ जातं, सगळं खाली येतं. त्यासाठी पोटाला बांधायचे रुंद पट्टे मिळतात, पण ज्याच्यात ट्रिगरवर कडक प्लॅस्टिकचं कवच आहे तोच घ्या, नुसत्या कापडाचा नको, कापडावरून ट्रिगर दाबला जाऊ शकतो. साडी नेसते तेव्हा मी कॅरी करत नाही, सरळ घरी तिजोरीत ठेवते. आणि पर्समध्ये कधीच नाही. पर्स आपण कार्टमध्ये ठेवतो, खुर्चीला अडकवतो, मुलं च्युइंगगमसाठी हात घालतात, आणि चोर आधी ओढतो ती पर्सच.

होल्स्टर स्वस्त घेऊ नका. माझं पहिलं ऑनलाइन मागवलेलं, वीस डॉलरचं, क्लिप इतकी सैल की गन काढली तर होल्स्टरसकट बाहेर आलं. नशीब घरी सराव करताना. आता कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं आहे, ऐंशी डॉलर, त्याला पुढे एक छोटा पंजा आहे जो बेल्टला टेकून हँडल पोटाकडे दाबतो, त्यानेच निम्मं लपतं. बेल्ट पण साधा नको, आत कडक पट्टी असलेला हवा. गन, होल्स्टर, बेल्ट, तिजोरी असा सगळा हिशोब केला तर हजार डॉलर धरून चाला, आणि उरलेले पैसे दुसऱ्या गनवर न घालता गोळ्यांवर घाला. सरावाच्या ९ एमएम गोळ्यांचा पन्नासचा डबा पंधरा डॉलरच्या आसपास पडतो, .३८० जास्त महाग, हेही एक कारण. आपल्याकडे भारतात ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर, सामान्य लायसनवाल्याला मिळत नाही, सांगलीचा माझा भाऊ त्यामुळे थक्क झाला की इथे ही सगळ्यात साधी आणि स्वस्त गोळी आहे. कॅरी करताना मात्र होलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ गोळी भरते, वजन १२४ ग्रेन, ती लागल्यावर फुलते आणि आरपार जाऊन मागच्या माणसाला लागायची शक्यता कमी होते. त्या गोळ्यांचे निदान शंभर राउंड आपल्या गनमधून आधी चालवून बघा, अडकत नाहीत ना ते.

दोन वर्षांत माझे साधारण अडीच हजार राउंड झाले असतील. माझ्या गनमध्ये गोळी अडकली ती दोनदा, दोन्ही वेळा सर्दी-तापातून उठून गेले होते आणि मनगट ढिलं पडलं होतं, मूठ ढिली असली की स्लाइडचं चक्र पूर्ण होत नाही, हे कुठल्याही छोट्या पिस्तुलाला लागू आहे.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने गन बाळगता येते अशा माणसाला लायसनशिवायही कॅरी करता येतं. तरी एलटीसी, म्हणजे टेक्सासचं कॅरी लायसन, काढाच. फी चाळीस डॉलर, चार ते सहा तासांचा क्लास, लेखी परीक्षा आणि पन्नास गोळ्यांची शूटिंग टेस्ट, वीस तीन यार्डांवरून, वीस सात वरून, दहा पंधरावरून, अडीचशेपैकी पावणेदोनशे मिळाले की पास. मला याच गनने २४१ पडले. लायसन असलं की दुसऱ्या बऱ्याच राज्यांत चालतं, आणि क्लासमध्ये जे कायदे कळतात ते महत्त्वाचे आहेत, कुठे नेता येत नाही, ५१ टक्केचा लाल बोर्ड (मुख्य धंदा दारू पाजण्याचा, अशा जागांवरचा) म्हणजे काय, ३०.०६ चा बोर्ड (लायसन असलं तरी लपवलेली गन आत आणू नका असं सांगणारा) कसा दिसतो. आमच्या देवळाच्या दारावर ३०.०६ आहे, त्यामुळे देवळात जायच्या दिवशी गन घरीच.

मुलांचं सांगते आणि थांबते. मुलगा नऊ वर्षांचा आहे. गन एकतर माझ्या अंगावर असते नाहीतर बटणांच्या तिजोरीत, तिसरी जागा नाही, पाच मिनिटांसाठी सुद्धा फ्रिजवर नाही. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. आणि घरात कोणी डिप्रेशनमधून जात असेल, नवरा असो, कॉलेजमधली मुलगी असो, तर कृपा करून आत्ता घेऊ नका, असेल तर घराबाहेर ठेवायची सोय करा. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. मी फार्मसीच्या काउंटरवर रोज उभी असते, कोणाच्या घरात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही हे मला माहीत आहे.

पहिल्यांदा भाड्याची गन चालवायला जाणार असाल तर रविवारी सकाळी उघडल्या उघडल्या जा. तेव्हा बाजूच्या लेनमध्ये रायफलवाले नसतात, आवाज कमी असतो आणि रेंजवरच्या माणसाला तुमच्याशेजारी उभं राहून शिकवायला वेळ असतो. बंद गळ्याचा टीशर्ट घाला, गनमधून उडणारी गोळ्यांची रिकामी गरम टोपणं गळ्यातून आत जातात, आणि कानात फोमचे प्लग घालून त्यावर कान झाकणारे मफ लावा.